उपचाराची वाट

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला भंडारा जिल्हा हा धानाचा मुलूख आहे. तलावांचा जिल्हा म्हणूनही त्याची ख्याती आहे. गावोगावच्या जुन्या मालगुजारी तलावांचे पाणी पाटांवाटे धानाच्या बांध्यांत खेळते. आणि दिवाळीच्या सुमारास पीक पिवळे झाले, की घरोघरचे विळे धार लावून बाहेर निघतात. विळा हे येथील शेतकऱ्याचे नित्याचे हत्यार होय. परंतु याच हत्याराचे नाव धारण करणारा एक आजारही या मुलखात आहे. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात व पेशीला सेल. या दोन शब्दांचा मिळून झालेला 'सिकलसेल' हा शब्द तुमसरपासून लाखांदूरपर्यंत ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसाच्याही तोंडी ऐकू येतो.

जन्माबरोबर येणारे, रक्तामांसात मुरलेले असे आजार जगात पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेक दुर्मीळ असतात. लाखांतून एखाद्याच्याच वाट्याला ते येतात. हिमोफिलिया या आजारात जखमेतून वाहणारे रक्त लवकर गोठत नाही. थॅलेसेमिया या आजारात शरीराला पुरेसे रक्त निर्माणच करता येत नाही. सिकलसेल हाही त्यांच्याच जातकुळीतला आजार आहे. मुंबईत तो क्वचितच आढळतो. विदर्भात मात्र तो दुर्मीळ नाही. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तो अनेक जमातींत व जातींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. एकाच गोष्टीला एका ठिकाणी दुर्मीळ म्हणावे आणि दुसऱ्या ठिकाणी परिचित म्हणावे, अशी ही स्थिती आहे. आणि मोठ्या शहरांतील लोकांचे तिकडे फार काळ लक्ष गेले नाही, याचे एक कारण हेच असावे.

हा आजार समजण्यासाठी प्रथम रक्ताकडे वळले पाहिजे. रक्ताला तांबडा रंग येतो तो त्यातील असंख्य तांबड्या पेशींमुळे. निरोगी पेशी मध्यभागी किंचित खोलगट, वाटोळी आणि विलक्षण लवचिक असते. शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या या पेशीहूनही अरुंद असतात. तरीही ती आपले अंग दुमडून, लांबवून त्यांतून सहज निसटते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुफ्फुसांत शिरलेला प्राणवायू ते उचलते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोचविते. अशी पेशी सुमारे १२० दिवस राबते, मग नाश पावते. तिची जागा अस्थिमज्जेत तयार झालेली नवी पेशी घेते.

सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन थोडे निराळे असते. त्याने प्राणवायू सोडला, की त्याचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ काड्या बनतात. या काड्या आतून रेटा देतात आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. मग ती बारीक वाहिनीतून जाईना होते. पाटात एखादी काटकी आडवी पडावी, तिला पालापाचोळा अडकावा आणि पुढची सारी बांधी कोरडी राहावी, तसाच प्रकार येथे घडतो. ज्या भागाला रक्त पोचत नाही, तो भाग प्राणवायूवाचून तळमळू लागतो. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट यांपैकी कोठेही अकस्मात असह्य वेदना उठते. लहान बाळांच्या हातापायांची बोटे सुजतात. ही वेदना काही तास राहते, कधी काही दिवस राहते. शिवाय वाकड्या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. इतक्या त्वरेने नव्या पेशी तयार होत नाहीत, म्हणून अंगात रक्त कमी पडते. डोळे पिवळे दिसतात, थोड्या श्रमाने धाप लागते, शरीराची वाढ मंदावते. प्लीहा लवकर निकामी होत असल्यामुळे साधा ताप किंवा खोकलाही अशा मुलाला धोक्याचा ठरतो.

या आजाराची पहिली लिखित नोंद एका प्रवाशाच्या नावावर आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी १९०४ साली अमेरिकेतील शिकागो शहरी आला. त्याला वरचेवर अंगदुखी, ताप व खोकला यांचा उपद्रव होई. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले, तेव्हा त्यात वाकड्या, लांबट पेशी दिसल्या. आयर्न्सचे गुरू डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. तोवर नोएल आपले शिक्षण पुरे करून मायदेशी परतला होता. तेथे त्याने दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, फुफ्फुसाच्या विकाराने तो मरण पावला. आपल्या नावाशी वैद्यकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा शोध जोडला जाणार आहे, याची त्याला बहुधा कल्पनाही नव्हती.

पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की दोष पेशीच्या कवचात नसून तिच्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका हुडकून काढला. हिमोग्लोबिनची एक साखळी १४६ कड्यांची असते. त्यांपैकी केवळ सहावी कडी बदललेली असते. एका कडीच्या बदलाने एवढा अनर्थ! भारतात हा दोष १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. मध्य भारतातील लोकांच्या रक्तातही तो आहे, हे नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली जगापुढे मांडले. लोक मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या हे दुखणे सोशीत होते. कोणी त्याला संधिवात म्हणे, कोणी कावीळ म्हणे, कोणी बाहेरची बाधा म्हणे.

हा आजार स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, डास चावल्याने किंवा दूषित पाण्याने तो जडत नाही. तो केवळ आईबापांकडून मुलांकडे येतो, आणि तोही एका ठरावीक हिशेबाने. प्रत्येकाला हिमोग्लोबिनची जनुके दोन मिळतात: एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही दोषयुक्त असतील तर माणूस रुग्ण होतो. त्याला विदर्भातील दवाखान्यांत 'एसएस' म्हणतात. एकच दोषयुक्त असेल तर तो 'एएस', म्हणजे वाहक असतो. त्याला सहसा काहीच त्रास होत नाही. तो शेत नांगरतो, शर्यत धावतो आणि आपल्या रक्तात असे काही आहे हे तपासणीवाचून त्याला कळतही नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक शक्यता ते रुग्ण असण्याची, चारांत दोन ते वाहक असण्याची आणि चारांत एक ते सर्वस्वी निर्दोष असण्याची असते. हा हिशेब प्रत्येक जन्माच्या वेळी नव्याने मांडला जातो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असे समजणे ही चूक आहे. तसेच आजारी मूल जन्मले म्हणजे दोष आईचा, असे मानण्याची जी वाईट रीत काही घरांत आढळते, तिलाही या हिशेबात आधार नाही. मुलाला मिळालेल्या दोन जनुकांपैकी एक नेहमी वडिलांचे असते.

मग असा घातक दोष हजारो वर्षे टिकून कसा राहिला? याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले, की वाहक माणसाला हिवतापाच्या सर्वांत जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे जंगल दाट, पाणी साचलेले आणि डास उदंड, तेथे हिवतापाने पुष्कळ बालके दगावत. पण वाहक बालके तुलनेने अधिक वाचत. विदर्भाच्या जंगलपट्टीत हिवतापाचे वास्तव्य जुनेच आहे. ज्या दोषाने एकाला वेदना दिली, त्याच दोषाने त्याच्या पूर्वजांना एके काळी वाचविले होते.

सिकलसेल समूळ बरा करण्याचे उपाय आहेत, परंतु ते फार थोड्यांच्या आवाक्यात आहेत. अस्थिमज्जेचे रोपण हा एक उपाय. त्यासाठी जुळणारा दाता, बहुधा सख्खे भावंड, मिळावा लागतो. जनुकातच फेरफार करण्याच्या उपचाराला २०२३ साली इंग्लंड व अमेरिका या देशांत मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च ऐकून श्रीमंतांचेही डोळे फिरावेत. सामान्य रुग्णाचे आयुष्य मात्र अगदी साध्या गोष्टींनी लांबते व सुसह्य होते. रोज फॉलिक ॲसिडची गोळी, डॉक्टर सांगतील त्यांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लहान मुलांना पेनिसिलिन व रोगप्रतिबंधक लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, तापाकडे दुर्लक्ष न करणे आणि प्रसंगी रक्त देणे, हे ते उपचार होत. यांत अवघड असे काय आहे, असे कोणालाही वाटेल. अवघड आहे ते त्यांचे सातत्य. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासावे लागते. गोळ्या संपल्या की नव्या आणाव्या लागतात. आणि हे आठ दिवस, महिना किंवा वर्ष नव्हे, तर जन्मभर चालते.

येथेच रस्त्याचा प्रश्न उभा राहतो. आशा कार्यकर्ती गावात येते, उपकेंद्रातील परिचारिका बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी करते. त्या चाचणीत रक्तात दोष आहे एवढेच कळते. माणूस रुग्ण आहे की वाहक आहे, हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी चाचणी लागते व ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. तुमसर व साकोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. भंडारा शहरी जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. आणखी गुंतागुंत झाली तर सुमारे ६० किलोमीटर दूर नागपूर गाठावे लागते. लाखांदूर तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तर तुमसर उत्तर टोकाला. आतल्या खेड्यातील मुलाला प्रथम फाट्यापर्यंत चालत किंवा सायकलवर जावे लागते, मग एस.टी.ने तालुक्याला, तेथून दुसऱ्या एस.टी.ने भंडाऱ्याला. मुलाबरोबर आई किंवा वडील आलेच पाहिजेत. रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्यातील औषध फुकट. पण तेथवर पोचण्याचे भाडे, वाटेतील खाणे आणि बुडालेली मजुरी हे फुकट नसते. असा खर्च महिन्यामागून महिना झाला, की गरीब घरात एखादी खेप चुकते. मूल सध्या बरे आहे, पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हटले जाते. गोळ्या संपतात. आणि मग एखाद्या थंड रात्री वेदना उठते, तेव्हा साध्या गोळीऐवजी रुग्णवाहिका शोधण्याची वेळ येते. १०८ क्रमांकावर बोलावता येणारी विनामूल्य रुग्णवाहिका २०१४ सालापासून महाराष्ट्रात आहे, आणि तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. तथापि ती संकटाच्या वेळची सोय आहे. संकट येऊच नये म्हणून जी नेहमीची ये-जा करावयाची, तिच्यासाठी ती नाही.

सिकलसेलच्या रुग्णाचे प्रवासभाडे हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे, ही गोष्ट वरील हिशेबावरून स्पष्ट होते. शासनानेही ती हळूहळू मान्य केली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, म्हणजे सर्वांची एस.टी., अनेक प्रकारच्या प्रवाशांना भाड्यात सवलत देते. त्या यादीत सिकलसेल, हिमोफिलिया व डायलिसिस यांच्या रुग्णांचाही समावेश आहे. साध्या गाडीतून उपचारासाठी जाताना त्यांना भाडे पडत नाही. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र जवळ असावे लागते. काही प्रवाशांना आणि क्वचित वाहकालाही वाटते, की हे फुकटचे बसणे म्हणजे महामंडळाने केलेला उपकार आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सवलतीच्या तिकिटांची रक्कम राज्य शासन महामंडळाला भरून देते. म्हणजे त्या आसनाचे भाडे सर्व जनतेच्या तिजोरीतून आधीच चुकते केलेले असते.

रेल्वेनेही २०१२-१३ च्या आपल्या अर्थसंकल्पात सिकलसेलच्या रुग्णांना उपचारासाठी जाताना निम्मे भाडे माफ करण्याचे जाहीर केले. २०२० साली करोनाच्या साथीत रेल्वेच्या बहुतेक सवलती बंद झाल्या, परंतु रुग्णांच्या सवलती चालू राहिल्या. भंडारा जिल्ह्यातून हावडा-मुंबई हा मोठा लोहमार्ग जातो. भंडारा रोड व तुमसर रोड ही त्यावरील स्थानके. असे असूनही खेड्यातील रुग्णाला या सवलतीचा लाभ कमीच होतो. ती शयनयान व वातानुकूलित डब्यांसाठी आहे. जवळच्या प्रवासाला असे डबे कोण घेतो? शिवाय भंडारा रोड हे स्थानक शहरात नसून काही किलोमीटर दूर वरठी येथे आहे. दूरच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते, हे खरे. पण रोजच्या गरजेला आधार एस.टी.चाच.

याहून मोठी गोष्ट २०१६ साली घडली. त्या वर्षी संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा संमत केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ ७ प्रकार होते; नव्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार त्यांत प्रथमच आले. या मान्यतेमागे रुग्णांच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे केलेली खटपट आहे. नागपूरचे संपत रामटेके हे या खटपटीतले एक अग्रणी होते. त्यांनी रुग्णांना व त्यांच्या आईबापांना एकत्र आणले आणि त्यांची गाऱ्हाणी शासनदरबारी पोचविली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

या कायद्याचे २५ वे कलम भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष वाचण्यासारखे आहे. दिव्यांग व्यक्तींना त्यांच्या परिसरातच, आणि त्यातही ग्रामीण भागात, विनामूल्य आरोग्यसेवा मिळावी, अशी तजवीक शासनाने करावी, असे ते सांगते. त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा घालता येते. शिक्षणासंबंधीच्या १७ व्या कलमात परीक्षेसाठी अधिक वेळ देण्यासारख्या सोयी सांगितल्या आहेत. भारतात कोठेही मुक्तपणे संचार करण्याचा हक्क राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेलाच आहे. पण ज्याच्यापाशी भाडे नाही किंवा ज्याला गर्दीत दोन तास उभे राहणे शक्य नाही, त्याच्या बाबतीत तो हक्क अशा तजविजींवाचून कागदावरच राहतो.

कायदा झाला तरी एक अडचण उरली. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला किंवा कुबडी घेऊन चालणाऱ्याला पाहताच लोक जागा देतात. सिकलसेलचा मुलगा आज मैदानात खेळताना दिसतो आणि परवा त्याला अंथरुणावरून उठवत नाही. गाडीत तो बसलेला असताना त्याच्याकडे पाहून कोणाला काहीच कळत नाही. एवढा धडधाकट मुलगा असून म्हाताऱ्यांना जागा देत नाही, असे बोल त्याला ऐकावे लागतात. कित्येक सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे शेकड्यात माप काढून किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. जी वेदना येते आणि जाते, तिचे माप काढावे तरी कसे? डॉक्टरांना त्यासाठी ठरावीक निकष लावावे लागतात. वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा द्यावे लागले, कोणत्या अवयवाला इजा झाली, अशा गोष्टींचे कागद पाहावे लागतात. म्हणून जाणती माणसे मुलाच्या पहिल्या तपासणीपासूनचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवतात. पुरात घर सोडावे लागले, तर शिधापत्रिकेबरोबर ती पिशवीही उचलावी, इतके तिचे मोल आहे.

पुराची गोष्ट केवळ सांगण्यापुरती नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर येऊन भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि कित्येक गावांचे रस्ते तुटले. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप चालला. त्या काळात खेडोपाडीच्या फेऱ्या थांबल्या होत्या. गाडीच फाट्यावर येत नसेल, तर भाडेमाफीचे प्रमाणपत्र खिशात असून काय उपयोग? संपकऱ्यांच्याही अडचणी खऱ्याच होत्या. परंतु ज्याला महिन्याला दवाखाना गाठावाच लागतो, त्याच्या आयुष्यात गाडीची फेरी आणि औषधाची मात्रा यांत फारसे अंतर नसते, हे त्या महिन्यांत उघड झाले. पावसाळ्यापूर्वी घरात चार दिवस अधिक पुरतील इतक्या गोळ्या असाव्यात, असे डॉक्टरांना विचारून ठरविणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

प्रवास करतानाही या रुग्णाला काही पथ्ये पाळावी लागतात. अंगातील पाणी कमी झाले, की रक्त दाट होते व पेशी लवकर वाकतात. विदर्भाच्या वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पाण्याची बाटली जवळ असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. हिवाळ्यातील पहाटेच्या गाडीला कानटोपी, शाल लागतेच. फार उंच पर्वतांवर हवा विरळ असते, म्हणून तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. लांबच्या प्रवासात गोळ्या, रुग्णाचे कार्ड आणि जवळच्या रुग्णालयाची माहिती बरोबर असावी लागते. असे असले तरी शाळेच्या सहलीतून अशा मुलाला वगळण्याचे कारण नाही. त्याला खिडकीजवळची जागा, हवे तेव्हा पाणी आणि दमल्यावर विसावा एवढे मिळाले, तर तोही नागझिऱ्याचे जंगल इतरांइतक्याच उत्साहाने पाहतो. वर्गातही त्याला मध्येच पाणी प्यावे लागते आणि त्यामुळे अधिक वेळा बाहेर जावे लागते. शिक्षकांना हे ठाऊक असले म्हणजे पुरे.

अलीकडे रुग्णाला दवाखान्याकडे नेण्याबरोबरच दवाखाना रुग्णाकडे आणण्याचेही प्रयत्न चालू आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासावे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करावे, असा तिचा संकल्प आहे. तपासलेल्या प्रत्येकाला एक कार्ड मिळते. त्यावरून तो निर्दोष, वाहक की रुग्ण हे कळते. दोन वाहकांनी विवाहापूर्वी आपली कार्डे पाहून पुढच्या अपत्यांविषयी डॉक्टरांशी विचारविनिमय करावा, हा त्यामागील हेतू. मात्र काही ठिकाणी वाहक मुलीचे कार्ड पाहून तिच्याकडे कमीपणाने पाहिले जाण्याची भीती असते. म्हणून कार्ड देताना त्याचा अर्थही नीट सांगावा लागतो. वाहक असणे हा आजार नव्हे.

हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचविण्याचेही या मोहिमेत योजले आहे. गोळ्या गावाजवळ मिळू लागल्या, की दर महिन्याची एक मोठी खेप वाचते. रक्त देण्यासाठी मात्र रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच जावे लागते. ज्यांना वारंवार रक्त लागते अशा सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांच्या रुग्णांना ते विनामूल्य देण्याचा नियम आहे, आणि त्याच्या बदल्यात नातेवाइकांनी रक्त दिलेच पाहिजे असा आग्रह धरता येत नाही. रक्त चढविण्यास काही तास लागतात. सकाळच्या गाडीने भंडाऱ्याला आलेले मूल त्यामुळे दुपार उलटेपर्यंत खाटेवर असते, आणि त्याच्या आईचे एक लक्ष रक्ताच्या पिशवीकडे, तर दुसरे गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.च्या वेळेकडे असते.